फ्रँक बेटगर : विक्री शिकवणारा माणूस आणि त्याची वही

रोजकीर्द

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात होतं, आज लिहायला बसलोय.

१९९४ साली मी बार्शीत विमा प्रतिनिधी झालो. पहिल्या आठ महिन्यांत भाऊबंद, सासुरवाडी, शाळेतले मित्र असं करत सहा केसेस, म्हणजे पॉलिसी, झाल्या आणि गाडं थांबलं. ओळखी संपल्या की एजंट संपतो, असं आमच्या धंद्यात म्हणतात. मी एजंटांवर देखरेख करणाऱ्या विकास अधिकाऱ्यांकडे गेलो आणि एजन्सी सोडतो म्हणून सांगितलं. साहेबांनी चहा मागवला, कपाटातून झेरॉक्सची एक चळत काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "हे वाच आणि मग सोड." कागद पिवळे पडलेले, कोपऱ्यात स्टेपलरच्या दोन-तीन जुन्या खुणा. माझ्याआधी कितीतरी जणांनी ते वाचले असणार. माझं इंग्रजी यथातथाच, डिक्शनरी घेऊन चार रात्री बसलो. ते होते फ्रँक बेटगर या अमेरिकन विमा विक्रेत्याच्या पुस्तकातले पहिले काही भाग.

बेटगरचा जन्म फेब्रुवारी १८८८ चा, फिलाडेल्फियाचा. वडील लवकर गेले. आईने शिवणकाम करून, लोकांचे कपडे धुऊन पोरं वाढवली. शाळा फारशी झाली नाही, पण बेसबॉल चांगला खेळायचा. १९०७ मध्ये जॉन्सटाउनच्या संघाने त्याला काढून टाकलं, आळशी आहेस म्हणून. खरं तर त्याला प्रेक्षकांची भीती वाटायची आणि ती दिसू नये म्हणून तो मुद्दाम संथ वावरायचा. महिन्याला १७५ डॉलर मिळत होते, ते खालच्या लीगमध्ये २५ वर आले. मग न्यू हेवनच्या संघात संधी मिळाली. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. पहिल्याच दिवशी, भाजून काढणाऱ्या उन्हात, तो अंगात वारं आल्यासारखा खेळला. भीती आत होतीच, पण वागणं बदललं आणि भीतीला मागोमाग यावं लागलं. दहा दिवसांत पगार १८५ डॉलर झाला. १९१० मध्ये तो सेंट लुईस कार्डिनल्सकडून खेळला, म्हणजे त्या खेळातल्या सगळ्यात वरच्या पायरीवर. पुढे शिकागोत एका सामन्यात चेंडू फेकताना हातात काहीतरी तुटलं आणि खेळ संपला.

घरी परतला. फर्निचरच्या दुकानाचे हप्ते गोळा करत दोन वर्षं सायकलवर फिरला. मग फिडेलिटी म्युच्युअल या आयुर्विमा कंपनीत लागला. पहिले दहा महिने असे गेले की माणूस मोडावा. १९१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेत डेल कार्नेगीच्या भाषणवर्गात तो गेला. तिथे बोलत असताना कार्नेगीने मध्येच थांबवून विचारलं की तू जे सांगतोयस त्यात तुला स्वतःला रस आहे का? न्यू हेवनचा दिवस त्याला तिथे आठवला.

तरीही पुढे एक दिवस त्याने नोकरी सोडलीच. टेबलातली आपली चीजवस्तू न्यायला कचेरीत गेला, तर नेमकी विक्रेत्यांची बैठक सुरू झाली आणि त्याला तिथे बसून राहावं लागलं. कंपनीचे अध्यक्ष वॉल्टर लेमार टॅलबट बोलायला उठले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की या धंद्यात माणसांना भेटणं ही एकच गोष्ट आहे. साधारण कुवतीचा माणूसही रोज चार-पाच जणांना मनापासून भेटला तर तो उभा राहतोच. बेटगरने ते शब्दशः घेतलं. पुढच्या दहा आठवड्यांत त्याने आधीच्या दहा महिन्यांपेक्षा जास्त विमा उतरवला.

आता मला जे सांगायचंय ते.

आपल्याकडे कुठल्याही विक्री प्रशिक्षणात बेटगर म्हटलं की 'उत्साह' हा एकच शब्द काढतात. सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावतात. उत्साह खराच, पण त्याला वाचवलं वहीने. त्याने वर्षभर प्रत्येक भेटीची नोंद ठेवली. १,८४९ वेळा तो लोकांच्या दारात गेला. त्यातले ८२८ जण भेटले. ६५ जणांनी विमा घेतला. कमिशन ४,२५१ डॉलर ८२ सेंट. त्याने भागाकार केला आणि उत्तर आलं २ डॉलर ३० सेंट. म्हणजे दार उघडलं नाही, माणूस गावाला गेलेला निघाला, आतूनच कुणी "नको" म्हणालं, तरी त्या पायरीवर त्याचे २ डॉलर ३० सेंट पडलेले असायचे.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आठ महिने प्रत्येक नकार मी घरी घेऊन येत होतो, जेवताना समोर ठेवत होतो. दुसऱ्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानातून लाल कापडी बांधणीची लांबडी वही आणली, रोजकीर्दीची असते तशी. चार रकाने आखले. गेलो, भेटले, बोलणं झालं, केस झाली. वर्षअखेर बेरीज केली तेव्हा ७४२ वेळा गेलो होतो, ४३१ माणसं भेटली होती आणि २३ केसेस झाल्या होत्या. दर पायपिटीला साधारण ११ रुपये. माढ्याच्या रस्त्यावर पंक्चर झालेली लूना ढकलत आलो त्या दिवसाचेही ११ रुपये. एजन्सी सोडायचा विषय मी पुन्हा काढला नाही.

त्याची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे प्रश्न विचारणं आणि मग गप्प बसणं. न्यूयॉर्कला बूथ नावाचे रेशमाचे कारखानदार होते. त्यांना अडीच लाख डॉलरचं कर्ज हवं होतं आणि धनकोंची अट होती की तेवढ्याच रकमेचा विमा काढा. दहा मोठ्या कंपन्यांची प्रपोजल्स टेबलावर पडलेली. बेटगर आगगाडीत बसून काय सांगायचं त्याऐवजी काय विचारायचं हे कागदावर उतरवत गेला. चौदा प्रश्न झाले. तिथे त्याने हप्त्याच्या दराबद्दल चकार शब्द काढला नाही. विचारलं ते असं की हे कर्ज मिळणं तुमच्यावर, तुमच्या तब्येतीवर अवलंबून आहे ना? उद्या घसा धरला, ताप आला आणि डॉक्टरांनी तपासणी पुढे ढकलली तर? डॉक्टरांची वेळ त्याने आधीच घेऊन ठेवली होती. बूथ त्याच्यासोबत उठून गेले. बाकी दहा जण दर सांगत बसले होते आणि त्या माणसाची काळजी निराळीच होती.

पुढे कार्नेगीनेच त्याला व्याख्यानांच्या दौऱ्यावर नेलं, लिहायला लावलं, प्रस्तावना लिहिली. २७ नोव्हेंबर १९८१ ला बेटगर वारला, ९३ वर्षांचा होऊन.

तुमच्यापैकी कुणी विक्रीत असेल, कुणाच्या घरी एजंट असेल, तर जरूर लिहा.

चंद्रभागा

किती आतून लिहिलंय, काका. 'नकार घरी घेऊन येत होतो, जेवताना समोर ठेवत होतो' हे वाचून माझे यजमान डोळ्यांसमोर आले. ते औषधांचे एमआर, म्हणजे औषध कंपनीचे विक्री प्रतिनिधी, होते. पुस्तकाचं पूर्ण नाव द्याल का?

रोजकीर्द

चंद्रभागाताई, 'हाऊ आय रेझ्ड मायसेल्फ फ्रॉम फेल्युअर टू सक्सेस इन सेलिंग'. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचचं आहे. भाषा सोपी आहे, माझ्यासारख्याला चार रात्रींत कळली यावरून ओळखा.

डेलावेअरकाठ

मी फिलाडेल्फियाजवळ राहतो, म्हणून थोडी भर.

इथे आर्ट म्युझियमच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, फिडेलिटी म्युच्युअलची जुनी इमारत उभी आहे. १९२० च्या दशकाच्या शेवटी बांधलेली. आता ती म्युझियमकडेच आहे, पेरेलमन बिल्डिंग म्हणतात. मी तिच्यावरून शेकडो वेळा गेलोय आणि मागच्या हिवाळ्यात पहिल्यांदा थांबून दगडी कोरीवकाम नीट पाहिलं. त्यावर प्राणी आहेत आणि प्रत्येकाला विम्याच्या धंद्यातला एकेक गुण दिलाय. घुबड शहाणपणाचं, कुत्रा निष्ठेचा, पेलिकन पक्षी दानाचा, खार काटकसरीची आणि पिल्लं सांभाळणारं ओपॉसम संरक्षणाचं. दुपारची तिरपी उन्हं होती आणि खार अगदी उठून दिसत होती. आपल्याकडे घुबड अशुभ, म्हणून मुलीला मौज वाटली.

बेसबॉलबद्दल : १९१० च्या नोंदींत त्याचं आडनाव 'बेचर' असं लागलंय, त्यामुळे शोधणाऱ्याला पटकन सापडत नाही. जेमतेम एक हंगाम, तोही मधला मधला. आकडे बघितले तर खेळाडू म्हणून तो विसरला गेला असता. आणि त्याचा मुलगा लाइल बेटगर हॉलिवूडमध्ये नट झाला, खलनायकाच्या भूमिकांसाठी ओळखला गेला. बापाचं सगळं आयुष्य लोकांचा विश्वास मिळवण्यात गेलं आणि मुलाला पडद्यावर बघून लोक घाबरायचे!

निशिगंध

काका, तुमच्या लेखाबद्दल आदर ठेवून एक वेगळी बाजू मांडते.

मी एका बँकेच्या शाखेत अकरा वर्षं काउंटरला होते. बँकेचं नाव लिहीत नाही. बँकेतूनच विमा विकायचा असतो. तिथेही वही होती, फक्त ती आमची नव्हती. सकाळी साडेनऊला कॉल, किती जणांशी बोललात, किती 'लीड' (घेतील असे वाटणारे), किती 'क्लोज' (विक्री पक्की). संध्याकाळी सहाला पुन्हा तेच. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांच्या नावापुढे आकडे आणि ज्यांचा शून्य त्यांचं नाव लाल रंगात. मार्च महिन्यात तर रोज. एफडी मोडायला आलेल्या एका आजोबांना मी दहा वर्षं हप्ता भरायची पॉलिसी दिली, त्या दिवशीचा माझा आकडा पूर्ण झाला. आजोबा तेव्हा ७१ वर्षांचे होते. मला त्यांचा चेहरा अजून आठवतो. मी आता ती नोकरी करत नाही.

बेटगरचे १,८४९ वाचताना माझ्या पोटात गोळा आला. त्याने स्वतःसाठी मोजलं म्हणून त्याला धीर आला असेल. तोच आकडा वरून खाली आला की माणूस समोरच्याकडे माणूस म्हणून बघायचं थांबतो. या सगळ्या मोजमापाची सुरुवात अशाच पुस्तकांनी केली का, हा प्रश्न मला खरोखर पडलाय.

सावली

निशिगंध, तुझं लिहिणं वाचून गलबलून आलं. हे लिहायला धैर्य लागतं.

माझे बाबा कराडला एजंट होते. त्यांनी बेटगर वाचला होता की नाही, माहीत नाही. मी आठवीत असताना आमच्या गल्लीतले एक ड्रायव्हर काका अपघातात गेले. त्यांची पॉलिसी बाबांनी केली होती. दहाव्यानंतर बाबा क्लेमचा फॉर्म घेऊन निघाले आणि का कोण जाणे, मला बरोबर नेलं. काकू ओट्यावर बसल्या होत्या, पाटावर निवडायला घेतलेले तांदूळ तसेच. बाबा शेजारी बसले आणि अर्धा तास एक अक्षर बोलले नाहीत. फॉर्म पिशवीतच. मग काकूच म्हणाल्या, "भाऊजी, पोराची शाळेची फी राहिलीय." तेव्हा बाबांनी फॉर्म काढला, काकूंना म्हणाले, "हिच्याकडून नाव लिहून घ्या, अक्षर चांगलं आहे हिचं." मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, मूळ पॉलिसी, बँकेचं पासबुक, सगळं त्यांनी स्वतः फिरून गोळा केलं.

त्यानंतर त्या गल्लीत बाबांना कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. लोक स्वतः बोलवायचे.

पण एक खरं सांगू? बाबा रविवारी कधी घरी नसत. लोक घरी असायचे तोच यांचा कामाचा दिवस. संध्याकाळी सातनंतर तर नाहीच. बेटगरच्या घरच्यांना तो किती मिळाला, हे मला कुणी सांगितलं तर वाचायला आवडेल.

रोजकीर्द

दोघींनी मला विचारात पाडलं.

सावली, तुझ्या प्रश्नाला थोडं उत्तर आहे. बेटगर सुरुवातीला वेळेअभावी सतत धावत असायचा आणि कामं विस्कळीत व्हायची. मग त्याने शनिवारची सकाळ पुढच्या आठवड्याची आखणी करायला राखून ठेवली. कुणाला, कधी, का भेटायचं, त्याला काय विचारायचं, सगळं कार्डांवर. पुढे तेच काम शुक्रवारी सकाळी उरकायला लागला आणि मग सोमवारपर्यंत धंद्याचं नाव काढत नसे. आखणीला दिलेल्या त्या चार-पाच तासांमुळे त्याला पूर्ण शनिवार-रविवार मिळाला. मी हे वाचलं होतं आणि केलं मात्र नाही. माझ्या मुलीच्या दहावीच्या वर्षी मी किती संध्याकाळी घरी होतो, त्याची नोंद वहीत नाही.

निशिगंध, तुझ्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार करतोय. बेटगरची नोंद त्याच्या खिशात होती. ती त्याने कुणा साहेबाला दाखवायची नव्हती. त्यामुळे त्यात शून्य लिहिताना त्याला भीती नव्हती, आणि शून्य खरं लिहिता आलं म्हणून भागाकार खरा आला. तुमच्या शाखेत शून्य लिहिणं हा गुन्हा होता. मग माणूस खोटं तरी लिहितो नाहीतर खोटं विकतो. पद्धत तीच दिसते, पण वही कुणाच्या हातात आहे यावर सगळं फिरतं. हे मला तुझ्यामुळे सुचलं, एरवी मी इतक्या वर्षांत याचा विचार केला नव्हता.

त्या आजोबांची पॉलिसी नवी असती तर 'फ्री लुक'मध्ये परत करता आली असती. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून आता ३० दिवस मिळतात, पूर्वी साधारणपणे १५ होते. अटी पटल्या नाहीत तर लेखी कळवून परत करता येते. किरकोळ वजावट होऊन पैसे मिळतात.

जुनीपाने

धागा उत्तम चाललाय. दोन गोष्टी जोडतो.

एक, बेटगरने स्वतःला घडवण्याची रीत बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्रातून उचलली. फ्रँकलिनही फिलाडेल्फियाचाच. त्याने तेरा सद्गुण निवडले आणि एकेका आठवड्याला एकेकाकडे लक्ष दिलं. तेरा आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे वर्षाला चार फेऱ्या. बेटगरने आपले तेरा विषय काढले आणि त्या आठवड्याच्या विषयाचं छोटं कार्ड खिशात ठेवून फिरायचा. उत्साह, शिस्तबद्ध आखणी, दुसऱ्याच्या हिताच्या अंगाने विचार, प्रश्न, मुख्य मुद्दा ओळखणं, मौन, प्रामाणिकपणा, धंद्याचं ज्ञान, मनापासून कौतुक, हसरा चेहरा, नावं-चेहरे लक्षात ठेवणं, सेवा आणि नवी माणसं शोधणं, आणि सगळ्यात शेवटी सौदा पक्का करणं. क्रम बघा. विक्री पूर्ण करायची ती तेराव्या जागी आणि गप्प बसणं सहाव्या. आपल्याकडे एकादशीचे, चातुर्मासाचे नेम धरतात, त्याच जातीची ही गोष्ट वाटली मला.

दुसरं, आपल्याकडच्या एजंटाला बेटगरपेक्षा वेगळं ओझं उचलावं लागलं. स्वातंत्र्यापूर्वी आणि नंतरही काही वर्षं इथे विमा कंपन्यांचं पीक आलं होतं. काही बुडाल्या, काहींनी लोकांचा पैसा वाटेल तसा वापरला. जानेवारी १९५६ मध्ये वटहुकूम निघाला तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. २४५ विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह संस्था मिळून १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. त्यानंतर खेड्यात गेलेल्या एजंटाला कंपनी बुडेल का या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं नाही. पण 'मी मेल्यावर पैसे मिळणार, म्हणजे तू माझ्या मरणाचं बोलायला आलास' हे वाक्य मात्र त्याला ऐकावंच लागलं.

रोजकीर्द

जुनीपाने, अगदी हेच वाक्य! पांगरीला एका म्हातारीने मला घराबाहेर काढून उंबऱ्यावर पाणी ओतलं होतं. पुढे तिच्या नातवाची केस झाली, पण पाच वर्षांनी.

अक्षरगंध

मी निवृत्त शिक्षिका. बेटगर मला आवडला, पण बूथची गोष्ट पुन्हा वाचली आणि अडखळले. उद्या ताप येईल, डॉक्टर तपासणी पुढे ढकलतील, कर्ज हातचं जाईल. ही काळजी त्या गृहस्थांच्या मनात आधी होती का, की बेटगरने ती घातली? माझ्याकडे आलेल्या एका मुलानेही 'मॅडम, ही स्कीम परवा बंद होतेय' असं सांगून सही घेतली होती. ती बंद वगैरे काही झाली नाही. घाई कुठे खरी आणि कुठे तयार केलेली, हे गिऱ्हाइकाने कसं ओळखायचं?

रोजकीर्द

बाई, प्रश्न रास्त आहे आणि मी बेटगरची बाजू आंधळेपणाने घेणार नाही.

बूथना कर्ज घ्यायचं होतं, विम्याची अट धनकोंची होती, आणि वैद्यकीय तपासणीशिवाय एवढ्या रकमेचा विमा निघत नाही, हे तिन्ही खरं होतं. बेटगरने त्यांना जागं केलं ते खऱ्या गोष्टीबद्दल. शिवाय बूथ रोज सौदे करणारे कारखानदार होते, दहा प्रपोजल्स समोर होती. पण हेच शब्द घेऊन कुणी एफडी मोडायला आलेल्या आजोबांकडे गेला तर ते पाप आहे. मला त्याचं पुस्तक इथे अपुरं वाटतं. समोरचा माणूस आपल्याइतका जाणता नसेल तर काय करायचं, याबद्दल त्यात फारसं नाही. त्याच्या गोष्टींतली गिऱ्हाइकं बहुतेक उद्योजक, व्यापारी, बडे लोक.

माझा स्वतःचा नेम सांगतो. "परवा बंद होतंय" असं कुणी म्हणालं की लेखी मागा. आणि एजंट म्हणाला की पहिला हप्ता मी भरतो, कमिशनातून सोडतो, तर त्याला उठवा. विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने ते देणंही बेकायदा आणि घेणंही. ज्याने कमिशन सोडलं त्याला तुमच्या क्लेमच्या दिवशी यायला कारण उरत नाही.

माणदेशी

काका, मी २४ वर्षांचा आहे, म्हसवडचा. विमा एजंटची परीक्षा पास झालो, एजन्सीचा कोड मिळाला, चार महिने झाले. तुमचा लेख वाचून वही घातली. एक विचारायचं होतं. मी ते पुस्तक शोधून वाचलं. त्यात त्याच्या हिशेबात ७० टक्के विक्री पहिल्याच भेटीत, २३ टक्के दुसऱ्या भेटीत आणि फक्त ७ टक्के तिसऱ्या किंवा नंतरच्या भेटीत झाली असं आहे, आणि त्याचा निम्मा वेळ त्या ७ टक्क्यांमागे जात होता. मग त्याने दोनदा भेटून न झालेल्यांकडे जाणं बंद केलं आणि दर भेटीची कमाई २ डॉलर ८० वरून ४ डॉलर २७ झाली. मीही तसंच करावं का? माझी पहिल्या भेटीत एकही केस झालेली नाही, म्हणून माझंच काही चुकतंय असं वाटतंय.

रोजकीर्द

माणदेशी, बरं झालं विचारलंस. थांब, वही काढतो.

मी पण १९९६ साली हाच नियम लावला होता. दोनदा भेटलो, झालं नाही, नाव खोडलं. सहा महिन्यांत माझा धंदा निम्म्यावर आला. तेव्हा मागची दोन वर्षं उघडून बसलो आणि प्रत्येक केस कितव्या भेटीत झाली ते लिहून काढलं. पहिल्या भेटीत झालेल्या केसेस हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बहुतेक चौथ्या-पाचव्या भेटीतल्या. आपल्या भागात पहिल्या भेटीत चहा होतो, दुसऱ्या भेटीत पावसाचं आणि ज्वारीच्या भावाचं बोलणं होतं. तिसऱ्या भेटीला घरातली बाई दाराआडून ऐकते. पैशाचा निर्णय तिच्याशिवाय होत नाही आणि तिच्याशी बोलायला आधी ओळख व्हावी लागते. सुगी झाली की हातात पैसा येतो, त्याआधी जाऊन उपयोग नाही. बेटगर कचेरीत वेळ ठरवून व्यापाऱ्याला भेटायचा, त्याचं गिऱ्हाईक एकटं निर्णय घ्यायचं.

म्हणून त्याचे ७० आणि ७ उचलू नकोस. त्याने स्वतःचा वेळ कुठे जातो ते स्वतःच्या नोंदींवरून शोधलं, तेवढं उचल. माझ्या वहीत निराळं उत्तर निघालं. माझा वेळ वाया जात होता तो तालुक्याला दर मंगळवारी पाहुण्यांसारखा बसून राहण्यात. ते बंद केलं. तुझं उत्तर आणखी तिसरंच असेल. चार महिन्यांत ते कळत नाही, किमान वर्षभर लिही.

आणि पहिल्या भेटीत केस झाली नाही म्हणून तुझं काही चुकत नाहीये. म्हसवडला पहिल्या भेटीत मुलगीसुद्धा कुणी देत नाही, पैसे कुठून देतील?

निशिगंध

काका, मंगळवारचं वाचून बरं वाटलं. मीही आता एक छोटी वही ठेवतेय. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय सुरू केलाय, दारोदार जाते. शून्य लिहिते तेव्हा हात थरथरत नाही.

सावली

निशिगंध, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळव. गोडा मसाला अर्धा किलो.

माणदेशी

काका, आज शनिवार, सकाळी आखणी केली आणि दुपारी निघालो. पाच घरी गेलो. तीन भेटले. दोघांशी बोलणं झालं. केस शून्य. एका मेंढपाळ कुटुंबात गेलो होतो. तिथे मी ठरवून काही सांगितलं नाही, फक्त मुलं किती, कुठे शिकतात एवढं विचारलं आणि थांबलो. ते दादा पाऊण तास बोलले. धाकटी मुलगी हुशार आहे, तिला बाहेर शिकायला पाठवायचंय, पण आम्ही सहा महिने मेंढरं घेऊन गावाबाहेर असतो, आमचं काही बरंवाईट झालं तर तिचं कोण बघणार, हे ते स्वतःच म्हणाले. बुधवारी बोलावलंय. त्यांची बायको त्या दिवशी घरी असेल.

जाताना काय नेऊ?

रोजकीर्द

प्रपोजल फॉर्म पिशवीत ठेव, वर काढू नकोस. बाई बोलायला लागल्या की मध्ये बोलू नकोस. त्या मुलीचं नाव विचारून घेतलंस का? नसेल तर बुधवारी आधी ते विचार.